अकरा नंबरची अट

इथं जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये सकाळचे सात वाजले होते, मी ट्रेनमध्ये, आणि व्हॉट्सअॅपवर भाऊचे चार फोटो आले. भाऊ म्हणजे माझा चुलतभाऊ, यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडचा, पंधरा वर्षांपासून पेपरला फोटो देतो. या वेळी मात्र त्यानं बातमीचे नाही, एका काँट्रॅक्टच्या चार पानांचे फोटो काढून पाठवले होते, पानांवर त्याच्या अंगठ्याची सावली, कोपऱ्यात चहाचा डाग आणि मजकूर सगळा इंग्रजी. खाली व्हॉइस मेसेज, "बाप्या, वाचून सांग बरं काय लिवलं हाये याच्यात. शनिवारपर्यंत सही करून पाठवा म्हनते ऑफिसवाले."

भाऊ पगारी नाही. तीन एकर कापूस, लग्नाच्या सीझनमध्ये लग्नं, आणि मधल्या वेळात पेपर. छापला तर फोटोचे दीडशे, नाही छापला तर पेट्रोल घरचं. वर पंधरा ऑगस्ट आणि दिवाळीला जाहिराती आणायच्या, वाढदिवसाच्या शुभेच्छावाल्या, त्याचं कमिशन मिळतं आणि खरं सांगायचं तर फोटोपेक्षा तेच जास्त असतं. कॅमेरा सेकंडहँड. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते म्हणून वहिनीच्या तांदळाच्या डब्यात ठेवतो, वहिनी रोज ओरडते.

काँट्रॅक्टमधली पहिली मोठी अट अशी की सगळ्या फोटोंचे सगळे हक्क, जगभर, कायमचे, आज असलेल्या आणि पुढं निघणाऱ्या प्रत्येक माध्यमात, कंपनीचे. आमच्या गावच्या ग्रुपवर मी हे टाकलं तर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते लुटतात बापा हे, दीडशेचे पाचशे करा. दुसरी म्हणते परवडत नाही त सोडून द्या, आज मोबाइलवर फोटो काढणारे शंभर पोट्टे उभे आहेत. आणि मग कोणीतरी म्हणालंच, "तू तिकडं बसून नको शिकवू, तिकडं कायदे हायेत."

आहेत, खोटं नाही. जर्मनीत निर्मात्याचा हक्क विकताच येत नाही, वारसाला जातो तेवढंच, तुम्ही द्यायची ती फक्त वापरायची परवानगी. मोबदला वाजवी नसेल तर काँट्रॅक्ट बदलून मागता येतं, ही २००२ ची दुरुस्ती. आणि १९८३ पासून कलावंत-लेखक-फोटोग्राफरांसाठी एक सोशल विमा आहे, पेन्शन आणि आजारपणाच्या हप्त्यातला अर्धा तुम्ही भरायचा, बाकी अर्धा सरकार आणि तुमचं काम वापरणाऱ्या कंपन्या मिळून. पण माझ्या वरच्या मजल्यावर एक जण राहतो, लोकल पेपरला फुटबॉलचे फोटो देतो, त्याला विचारलं तर तो हसलाच. म्हणे इथंपण "सगळे हक्क द्या" वालाच कागद येतो आणि मी सही करतो, कारण भांडलो तर पुढच्या रविवारी मैदानावर दुसरा असेल. म्हणजे भीती सेम आहे, फक्त तो आजारी पडला तर त्याला शेत विकावं लागत नाही.

आता आपला कायदा काढून वाचला तर तोही अगदीच टाकाऊ नाही हो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून तर कागदात "कायमचे" आणि "जगभर" हे दोन शब्द घालतात, ते उगाच नसतात! कलम ५७ म्हणतं हक्क विकले तरी फोटो मी काढलाय हे म्हणायचा अधिकार राहतो, आणि आपल्याकडे भाऊच्या फोटोखाली छापतात काय तर "सौजन्य : सोशल मीडिया". एक गोम मात्र आहे, पेपरच्या डेस्कवरून फोन आला की जा रे, काढून आण, आणि पैसे ठरले, तर वेगळं काही लिहिलेलं नसेल तिथं कायदाच तो फोटो पेपरचा मानतो. स्वतःच्या मनानं गाडीला किक मारून काढलेला तो तुमचा. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली तेव्हा भाऊनं एका मजुराचा फोटो काढला होता, डोळ्यावर ओला कपडा, हातात अजून पंपाचा पट्टा. कोणी सांगितलं नव्हतं. पैसे एकदाच मिळाले आणि दर वर्षी फवारणी सुरू झाली की तोच फोटो पुन्हा छापून येतो.

पण मला विचाराल तर दीडशे की पाचशे हे भांडण चुकीच्या जागी चाललंय, आणि हक्काचंही नंतर बघू. खरं लचांड अकरा नंबरच्या अटीत आहे. फोटोवरून कोणी नोटीस पाठवली, केस टाकली, तर वकील, खर्च, भरपाई सगळं फोटोग्राफरवर, आणि कंपनीला खर्च आला तर तोही त्यानंच भरून द्यायचा. ग्रुपवर एकानंही हे वाचलं नव्हतं. आता भाऊ काय काढतो? रात्री रेतीघाटावर उभे असलेले टिप्पर काढतो, नंबर प्लेटसकट. तो फोटो पहिल्या पानावर घ्यायचा की नाही हे ठरवणार संपादक, हेडिंग देणार डेस्क, पेपर विकणार मालक, आणि टिप्परवाल्याची नोटीस येणार तीन एकरवाल्याच्या घरी. अशी अट असल्यावर टिप्परचा फोटो काढणार कोण? सगळे सत्काराचे, हारतुऱ्याचेच काढतील, त्याच्यावर कोणी केस करत नाही. म्हणजे रेतीवाल्याला कोणाला धमकी द्यायचीही गरज नाही, त्याचं काम पेपरच्याच कागदानं केलेलं आहे.

भाऊला मी एवढंच सांगितलं की बाकी राहू दे, ती अट तेवढी खोड. जिल्ह्यातल्या आठ-दहा जणांनी मिळून खोडली तर अजून चांगलं. तो म्हणाला आठ-दहा जण जमत नसतात बाप्या, पोळ्याला बैल जमतात तेवढेच. तरी त्यानं निळ्या पेनानं आडवी रेघ मारली, सही केली आणि कागद पाठवून दिला.

सोमवारी ऑफिसातून फोन, अकरा नंबरवर काट कोणी मारली?

"पोट्ट्यानं मारली जी, लहान हाये," भाऊ म्हणाला. दुसरा कागद अजून आलेला नाही, पोळ्याचे फोटो मात्र मागवलेत.