जपानीला ‘सोपी’ म्हणण्याआधी

आज मीटिंगनंतर आपलीच दोन मराठी मंडळी आमच्या कॅनडाच्या सहकाऱ्याला हसली, तेव्हापासून डोकं फिरलंय. जपानी क्लायंटला जेवणाचा आग्रह करताना त्याने ‘मेशिआगारु’च्या जागी ‘इतादाकु’ वापरलं. दोन्हींचा अर्थ ‘खाणं’च, पण समोरच्याला मान द्यायचा तिथे त्याने स्वतः खाली वाकताना वापरायचं क्रियापद घेतलं. यावर शेरा काय, तर “जपानीत काय अवघड आहे? चिनी असती तर समजलो असतो.”

अहो, सोपी तुम्हाला! क्रियापद शेवटी, नामाला चिकटून ‘ला’, ‘चा’सारखे प्रत्यय. जपानात नागोयात उतरतो तेव्हा अर्धं व्याकरण आपण घरूनच घेऊन आलेलो असतो. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला अख्खं वाक्य उलटं बांधावं लागतं. चिनीत निदान कर्ता, क्रियापद, कर्म ही त्याच्या ओळखीची वाट असते आणि काळ बदलला म्हणून क्रियापदाचं रूप बदलत नाही.

आणि हा पठ्ठ्या तैवानमध्ये तैपेईत राहून चिनी शिकून आलाय! जपानीतली कांजी अक्षरं चिनीतूनच आलेली, त्यामुळे अक्षरांचे अर्थ त्याला येतात. तरी त्याच्या वहीत ‘जगणं’ या अर्थाच्या एकाच अक्षराभोवती सेइ, शो, इ, उ, हा, नामा, कि एवढे उच्चार लिहिलेले मी पाहिलेत. चिनीत त्याचं एका ‘शंग’वर भागायचं. इथे रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच 2136 कांजी, शिवाय हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारांच्या लिप्या.

चिनीचे सूर कठीण, मान्य. एका सुरातलं ‘माई’ म्हणजे विकत घेणं, दुसऱ्यातलं विकणं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्थाही दोन्ही भाषांना सारखेच 88 आठवडे, 2200 तास धरते. धरू दे. चिनी सुरुवातीला छळते, पण पुढे हात सैल सोडते. जपानी शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. बोलायला लागलात की समोर केइगो, म्हणजे मानपानाची आदरार्थी भाषा, उभी. साधं ‘खाणं’ म्हणायचं, तर कोण खातंय आणि ते कोणाला सांगताय हे आधी ठरवा.

क्लायंटने मात्र हसून मान लववली आणि चॉपस्टिक्स उचलल्या. त्यांना ठाऊक आहे ना! इथल्या कंपन्या नव्याने लागलेल्या जपानी पोरांनाही केइगो वेगळी बसवून शिकवतात. ज्यांना ही भाषा एवढी सोपी वाटते, त्यांनी क्लायंटशी एक आख्खा फोन केइगोत करून दाखवावा. मी शेजारी बसून ऐकतो.