पाऱ्यात उघडे हात? साफ खोटं!

परवा रात्री भाचीचा फोन. “मावशी, तुझ्याकडे जुने पाऱ्याचे थर्मामीटर आहेत ना? तीन-चार दे. शॉर्ट फिल्मला हवेत.” कशाला, तर तिच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज. फ्रेंच कवी झाँ कॉक्तोच्या ‘ऑर्फे’ (१९५०) सिनेमात नायक पाऱ्यात उघडे हात बुडवून आरशात शिरतो, त्याला काहीच झालं नाही, पारा पोटात गेला तरच विषारी. शिवाय सिनेमा म्हणजे ग्रीक कथेची नक्कल आणि अफूच्या तारेतली बडबड.

आधी पारा. पारा होता, हे खरं. पाण्यात बुडलेला हात आत दिसतो, पाऱ्यात फक्त प्रतिबिंब दिसतं, म्हणून पारा वापरल्याचं कॉक्तोने लेखक आंद्रे फ्रेन्योला दिलेल्या मुलाखतीत सांगितलंय. पण उघडे हात? अहो, सिनेमात आरशात शिरण्याआधी ऑर्फेला रबरी हातमोजेच दिले जातात! ते घालायचा शॉटसुद्धा उलटा फिरवलेला आहे. मोजे काढताना चित्रण केलं, म्हणून ते आपणहून हातावर चढल्यासारखे दिसतात. हातमोजे नाहीत म्हणणाऱ्याने सिनेमा पाहिलेलाच नाही.

आणि ‘पोटात गेला तरच’ हे तर नेमकं उलटं. गिळलेला धातुरूप पारा शरीरात फारच थोडा शोषला जातो. खरा धोका वाफेचा. साध्या खोलीतही पाऱ्याची वाफ होते, ना ती दिसते, ना वास येतो, आणि श्वासावाटे रक्तात जाऊन ती मेंदूपर्यंत पोचते. बंद खोलीत, दिव्यांच्या उष्णतेत, ताटलीत पारा ओतून ही पोरं तासन्‌तास शूटिंग करणार होती!

नक्कल म्हणाल, तर मूळ ग्रीक कथेत ऑर्फियस मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणताना, तिच्याकडे बघायचं नाही ही अट मोडून मागे वळून बघतो. सिनेमात मात्र बायको मोटारीत मागे बसलेली असते आणि ती त्याला गाडीच्या आरशात दिसते.

अफूचं व्यसन कॉक्तोला होतं, मान्य. ते सोडवतानाच्या नोंदींचं पुस्तकही त्याने १९३० साली काढलं. पण सिनेमात ऑर्फेला मोटारीच्या रेडिओवर ऐकू येणारी गूढ वाक्यं नशेतली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यातल्या फ्रान्ससाठी लंडनहून असेच सांकेतिक निरोप प्रसारित होत. आरशापलीकडचा, मृत्यूनंतरचा उद्ध्वस्त प्रदेशही फ्रान्समधल्या सॅं-सीरच्या लष्करी शाळेच्या, बॉम्बहल्ल्यात पडलेल्या भिंतींमध्येच चित्रित झालाय.

भाचीला म्हटलं, कॉक्तोच्याच पहिल्या सिनेमात, ‘कवीचं रक्त’मध्ये, कवी आरशात उडी घेतो तेव्हा पाणी उसळतं. तू परातीत पाणी घे, कॅमेरा वरून लाव. थर्मामीटर एकही मिळणार नाही.