ओआरएस, वॉकर आणि व्हॅक्सिन डेपोवर सुटलेला कॅच

चहा पिता पिता तासभर जुलाबावर बोलणारा कट्टा बेळगावच्या अख्ख्या टिळकवाडीत आमचाच असणार. दोष संजूचा. पम्या आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खांद्यावर नाचणीच्या खिरीचा वाळून पापड झालेला डाग होता, डोळे लाल, आणि आल्या आल्या म्हणाला, "बाय टू नको, आज फुल्ल दे." एवढ्यावरनं कुणीही ओळखलं असतं की घरी पोराचं काहीतरी बिनसलंय आणि गप्प बसलं असतं. पण संजूच्या मेव्हण्याचं खडेबाजारात मेडिकल आहे, त्यामुळं संजू स्वतःला निम्मा डॉक्टर समजतो.

"कितव्यांदा झालं?"
"मोजायचं सोडलं बे," पम्या म्हणाला. पोरगं तेरा महिन्यांचं. वाढदिवस झाला, पाहुण्यांनी मुके घेतले, कुंदा चाटवला, आणि त्यानंतर हे सुरू.
"मग ते ऑरेंज फ्लेवरचं टेट्रापॅक दे की. पोरं आवडीनं पितात."

शंकऱ्या रिक्षातनं उतरलाच नव्हता अजून, तिथनंच ओरडला, "आवडीनं तर तू पण पितोस, म्हणून काय ते औषध झालं?"

आता 2025 च्या ऑक्टोबरात त्या टेट्रापॅकवरनं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, हैदराबादच्या त्या डॉक्टरीणबाई आठ वर्षं भांडल्या तेव्हा कुठं डब्यावरचं ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं औषधी पाणी, हे नाव काढायचा हुकूम निघाला. संजूचं म्हणणं, नाव काढलं ना, मग विषय संपला. शंकऱ्या म्हणाला, "नाव काढलं म्हणून साखर कमी झाली काय? जादा साखर पोटात गेली की ती आतड्यात पाणी ओढून घेतंय, जुलाब वाढतात. तुझ्या मेव्हण्याला विचार, तो घरच्या पोराला देतो काय ते."

संजू गप्प. म्हणजे देत नसणार.

शंकऱ्याला तीन मुली आणि बायको आशा वर्कर. तो म्हणतो मला काय कळत नाही, मी नुसता ऐकून ऐकून शाणा झालोय, पण मला विचाराल तर या कट्ट्यावर पोराबद्दल बोलायचा परवाना त्याला एकट्यालाच द्यायला पाहिजे. बाकीचे आम्ही जेवणाच्या ताटावर हजेरी लावणारे.

संजूला मात्र हार मानायची सवय नाही. "बरं, ओआरएसच्या पावडरचं पाकीट तर पाकीट. अर्धं पाकीट ग्लासात ढवळ, उरलेलं गुंडाळून ठेव."
"कुठल्या ग्लासात? मोठं पाकीट एक लिटरला असतंय, छोटं दोनशे मिलीला. वर लिहिलेलं असतंय तेवढंच पाणी, उकळून गार केलेलं, आणि चोवीस तासानं उरलेलं ओतून टाकायचं. अर्धं पाकीट ग्लासात म्हणजे पोराला लोणचं घालालास काय?"

पम्याची खरी अडचण वेगळीच होती. वाटीनं दिलं की पोर घटाघटा पितंय आणि पुढच्या मिनिटाला सगळं बापाच्या खांद्यावर. शंकऱ्यानं चहाचा चमचा उचलून दाखवलं. ओकलं की दहा मिनिटं थांब, मग एक चमचा, दोन-तीन मिनिटं जाऊ देत, परत एक चमचा. "रात्रभर?" पम्यानं विचारलं. "मग काय, रात्री रिक्षा बंद असतंय की माझं." झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून रोज एक, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरी करायची, हे पण त्यानंच सांगितलं. आणि शू कमी झाली, डोळे खोल गेले, शीमध्ये रक्त दिसलं तर चमचा तिथंच टाकून डॉक्टरकडं पळायचं, कट्ट्यावर यायचं नाही.

इतका वेळ नाना बिडी शोधत होते. सापडली. आता आमच्या नानांबद्दल नव्या माणसाला एवढंच सांगायचं की ते कुठल्याही वाक्याची सुरुवात आमच्या वेळी अशी करतात.

"आमच्या वेळी असलं काय नव्हतं. जायफळ उगाळायचं, चाटवायचं, पोट दिवसभर रिकामं ठेवायचं. पोर गप्प."
"जायफळानं पोर झोपतंय नाना, जुलाब जागाच असतोय. आणि उपाशी का ठेवायचं? अंगावरचं दूध चालू, मऊ भात चालू, केळं चालू. आधीच वजन उतरलंय त्याचं."
"मग खोकल्याला पण काय देत नसशील."
"सिरप तर नाहीच. मध्यप्रदेशात सिरपनं पोरं गेली, त्यानंतर सरकारनंच कळवलंय, दोन वर्षांखाली खोकल्याचं औषध नको म्हणून."

पम्यानं मोबाईलमधनं तायी कार्डाचा, म्हणजे आई-बाळाच्या लसीच्या कार्डाचा, फोटो काढून दाखवला. जुलाबाच्या रोटा लसीचे तिन्ही डोस झालेत, तरी जुलाब कसे, हा त्याचा प्रश्न. शंकऱ्या सांगत होता की रोटाची लस रोटापुरती, बाकीचे जंतू काय रजेवर गेले नाहीत, तेवढ्यात नानांनी चष्मा लावून त्या फोटोत डोकं घातलं. झालं. "हे बघा! सगळं कन्नडात! पंधरा टक्क्यांच्या वर लोक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायला पाहिजे, नियम हाय! 56 सालापासून मी..."

"नाना," शंकऱ्या हात जोडून म्हणाला, "पोराला जुलाब लागलेत, महाजन आयोग काढू नका."

चहावाला पण हसला, आणि तो सहसा उधारी असलेल्या लोकांच्या विनोदाला हसत नाही. बेळगाव कर्नाटकाकडंच ठेवा म्हणणाऱ्या त्या आयोगाचं नाव निघालं की नाना फुगतात, तसे फुगले. मग लसीवरनं गाडी व्हॅक्सिन डेपोवर गेली, तिथं देवीची लस कशी बनायची ते नाना सांगायला लागले, आणि डेपोचं नाव निघालं की संजूचा कॅच निघतोच. डेपोच्या मैदानावर, फायनलला, लाँगऑनवर, हातात आलेला, सूर्य डोळ्यावर आला म्हणतो. सूर्य पाठीमागं होता बे, मी कीपर होतो, मला दिसत होता. पम्याला तेवढ्या वेळात पहिल्यांदा हसायला आलं. संजू म्हणाला की त्या ओव्हरला पम्यानं दोन वाईड टाकले होते ते कुणी काढत नाही. ते खरंय, पण आता पम्याचं पोर आजारी आहे म्हणून सोडून दिलं.

नानांनी फुगणं सोडून नवा मुद्दा आणला. पोर अजून चालत कसं नाही? "माझा नातू नवव्या महिन्यात धावत होता."
"धावणारच, घरात तुम्ही होता."

पम्याच्या चेहऱ्यावरनं कळलं की हे घरी पण रोज चाललंय. वहिनीच्या बहिणीचं कोल्हापूरचं पोर दहाव्या महिन्यात चाललं, त्याचे व्हिडिओ येतात रोज. आणि हे आमचं साहेब रांगलंच नाही, बुडावर सरकत सरकत शेजारच्यांच्या दारापर्यंत जाऊन येतंय. मीच मोबाईल काढून वाचून दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं आधाराशिवाय चालायला लागायचं वय दिलंय 8.2 ते 17.6 महिने, आणि शंभरातली चारेक पोरं रांगतच नाहीत, डायरेक्ट उभी राहतात. पम्यानं ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाला फॉरवर्ड कर, बायकोला नाही, सासूला.

"वॉकर आणा, आठवड्यात चालंल," नाना.
"कॅनडात 2004 पासून वॉकर विकायलाच बंदी हाय, पोरं जिन्यावरनं पडतात म्हणून," मी.
"कॅनडात बर्फ असतंय, म्हणून घसरत असतील."

यावर काय बोलणार. संजूनं सुद्धा नानांकडं बघितलं आणि बघतच राहिला.

मग संजूनं आपलं गुपित सांगून टाकलं, त्याची मुलगी मोबाईल लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही, ते गाणं सारखं सारखं ऐकून तो झोपेत पण गुणगुणतो. शंकऱ्यानं उपाय सांगितला, ताटलीत पोळीचा तुकडा ठेव, स्वतः जेवायला बस आणि तिच्याकडं बघू नको. पम्या म्हणाला आमच्यात ते पण करून झालं, पोर पोळीचा तुकडा अर्धा चघळतंय आणि उरलेला आठवणीनं कुत्र्याला नेऊन देतंय, कुत्र्याचं वजन वाढलंय.

तेवढ्यात वहिनीचा फोन. शी दुपारपासून एकदाच, थोडी घट्ट, आणि येताना डायपर आण. पम्यानं विचारलं साईज कुठली गं, पलीकडनं जे काही उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही पण पम्याचे कान लाल झाले.

"डायपरला पण साईज असते?" नाना. "आमच्या वेळी लंगोट. जुन्या धोतराचे. एक पैसा खर्च नाही."
"आणि ते धुवायचं कोण?"

नानांनी संपलेला कप तोंडाला लावला.

"सांगा की नाना. दोन पोरं ना तुम्हाला? का ती पण आयोगानंच एकतर्फी देऊन टाकली?"

पम्याच्या नाकातनं चहा आला, संजू कट्ट्यावरनं घसरला, आणि नाना "हरामखोर" म्हणत म्हणत स्वतःच इतके हसले की ठसका लागला. शंकऱ्यानं पाणी दिलं. चमच्यानं.