एकच पलंग, एकच घोडा आणि पाचशे वर्षांचा नवरदेव

रोमँटसीला, म्हणजे रोमान्स आणि फँटसी मिळून झालेल्या पुस्तकांना, नाकं मुरडणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो: प्रेमकथाच आहे हो, वर ड्रॅगन चिकटवलाय. आक्षेप अर्धा खरा आहे. चिकटवलेला ड्रॅगन पन्नास पानांत ओळखू येतो. त्यासाठी माझी कसोटी सोपी आहे. पुस्तकातली जादू मनातल्या मनात काढून टाकायची. ड्रॅगनच्या जागी बुलेट, राजवाड्याच्या जागी हिंजवडीचं ऑफिस. एवढं करूनही दोघांचं प्रेम जसंच्या तसं उभं राहिलं, तर ती रोमँटसी नाही, फॅन्सी ड्रेस आहे. जादू काढल्याबरोबर प्रेमाचाही डोलारा खाली आला, तर लेखिकेनं काम केलंय.

(पुढे स्पॉयलर आहेत. ज्यांची पुस्तकं अजून टीबीआरच्या (टू बी रेड, म्हणजे वाचायच्या राहिलेल्या) ढिगात आहेत त्यांनी इथेच उतरावं.)

रेबेका यारोसचं 'फोर्थ विंग' घ्या, २०२३ चं. भाषेसाठी कुणी ते वाचत नाही, पण आतलं यंत्र पक्कं आहे. नायक झेडनच्या वडिलांनी बंड केलं, त्यात नायिका व्हायोलेटचा भाऊ गेला, निदान ती तसं समजते. व्हायोलेटच्या आईनं बंड मोडलं आणि झेडनच्या बापाला मृत्युदंड झाला. म्हणजे दोन्ही घरांच्या खात्यावर एकेक प्रेत. 'एनिमीज टू लव्हर्स', म्हणजे आधी वैर मग प्रेम, लिहायचं तर एवढं भांडवल हवं. नाहीतर निम्म्या पुस्तकांत वैराचं कारण काय, तर तो पहिल्या भेटीत खवचट बोलला. खवचट बोलणाऱ्याला शत्रू म्हणायचं तर पुण्यात युद्धच जाहीर करावं लागेल.

आता जादू बघा. व्हायोलेटला निवडणारा काळा ड्रॅगन टेअर्न आणि झेडनची निळी मादी हे जोडपं आहे, आणि त्यांना एकमेकांपासून काही दिवसांपेक्षा जास्त लांब राहता येत नाही. सबब त्यांचे स्वारही लांब राहू शकत नाहीत. वर आणखी एक गाठ: व्हायोलेट मेली तर त्या साखळीत झेडनचाही जीव जाऊ शकतो. जिला मारावंसं वाटतं तिचाच अंगरक्षक होणं भाग आहे. 'एकच पलंग' या ट्रोपचं (पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या ठरावीक प्रसंगाचं) काम इथे ड्रॅगनचा संसार करतो, आणि तेही पुस्तकभर. खाणावळवाल्यानं 'एकच खोली शिल्लक आहे' म्हणणं हा योगायोग. तो एकदा चालतो. दुसऱ्यांदा आला की वाचक खाणावळीचं रजिस्टर मागतो.

सारा जे. मासच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'मध्येही (२०१५) हेच, फक्त साधन वेगळं. नायिका फेयरा जखमी होऊन मरायला टेकलेली असताना रीसँड हा जादुई 'फे' जमातीतला सरदार सौदा करतो: बरी करतो, बदल्यात दर महिन्यातला एक आठवडा माझ्याकडे. हातावर गोंदण उमटतं, करार पक्का. पुढच्या भागात हाच आठवडा तिला नको असलेल्या लग्नातून बाहेर काढतो. जादूला किंमत आहे, मुदत आहे, आणि तिच्यामुळे गोष्ट पुढे सरकते. तिची एकोणीस वर्षं आणि त्याची पाचशेच्या वर, यावर मात्र मी बोलणार नाही. आपल्याकडे वधूवर मंडळात एवढं अंतर ऐकून क्लार्कच फॉर्म परत करेल.

जिथे हा प्रकार घसरतो ती जागा म्हणजे 'फेटेड मेट्स'. नियतीनंच जोडी लावली असेल तर निवडायचं काय उरलं? चारशे पानं वाचक ज्या 'हो'ची वाट बघतो ते 'हो' पत्रिकेतच छापून आलेलं असतं. मासनं यातून काढलेली वाट मला आवडते. नातं नियतीचं असलं तरी ते पत्करायचं की नाही हे बाईच्या हातात, आणि पत्करण्याची खूण म्हणजे तिनं त्याला स्वतःहून खायला देणं. फेयरा आधी त्याच्यावर भडकते, कारण त्याला हे माहीत होतं आणि त्यानं लपवलं. मग काही दिवसांनी त्याच्यापुढे सूप ठेवते. इतक्या तलवारी, शाप, महाल, आणि सगळा निकाल एका वाडग्यावर. ज्या नकलांनी हा मेट-बाँड, म्हणजे नियतीची गाठ, उचलला त्यांनी नेमकं सूप मागे ठेवलं.

आता घोडा. 'एकच घोडा' ही पलंगाची धाकटी बहीण: जखमी नायिका पुढे, नायक मागे, रात्रभर चौखूर दौड. ५०० किलोच्या घोड्यानं स्वार आणि खोगीर मिळून १०० किलोपर्यंत वाहावं, असा ढोबळ हिशेब आहे. इथे साठची ती, नव्वदचा तो (खांद्यांच्या वर्णनावरून आणखी जास्त), वर खोगीर आणि तलवारी. दीडशेच्या वर गेलं. असा घोडा चालीनं जाईल, तासाला सहा किलोमीटर, आणि मधूनमधून थांबेल. चौखूर दौड एकट्या स्वाराचा घोडासुद्धा थोडेच किलोमीटर टिकवतो. गंमत म्हणजे संथ चाल प्रेमाला जास्त सोयीची आहे. दौडताना संवाद होत नाहीत, जीभ चावली जाते.

धनुष्याचंही तसंच. हरणाच्या शिकारीला अठरा-वीस किलो ओढीचं धनुष्य पुरतं, ते फेयरासारखी उपाशी पोरगीही ओढेल. पण १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोझ' जहाजावर जी युद्धाची धनुष्यं सापडली त्यांची ओढ ४५ किलोच्या पुढे होती, काहींची ८० च्या आसपास. ती ओढायला लहानपणापासूनचा सराव लागतो. नायिकेनं तीन प्रकरणांत ते शिकून तटावरून सेनापती टिपला, की मी पुस्तक बंद करते. तलवारीला उलट उगाच अवजड म्हणतात. एकहाती तलवार किलो-दीड किलोची असते, दोन पिशव्या दुधाएवढी.

आणि नायक लोकहो, गुरगुरणं थांबवा. एका प्रकरणात तीनदा गुरगुरला तर घशाचा डॉक्टर दाखवा.

बुकस्टाग्रामवर, म्हणजे इन्स्टाग्रामवरच्या पुस्तकवाल्यांत, हे सगळं नवं म्हणून खपतं तेव्हा मला कच-देवयानी आठवतात. शत्रूच्या गोटात विद्या चोरायला आलेला देखणा मुलगा, प्रतिपक्षाच्या गुरूची हट्टी मुलगी. असुर त्याला मारतात, तिच्या हट्टापायी बाप दर वेळी जिवंत करतो. तिसऱ्यांदा त्याची राख मद्यातून थेट गुरूच्या पोटात. आता त्याला बाहेर काढायचं तर बापाचं पोट फाटणार, म्हणून त्याला आतच संजीवनी शिकवावी लागते. तो बाहेर येतो, विद्या वापरून गुरूला उठवतो. आणि ती लग्नाचं विचारते तेव्हा म्हणतो, मी तुझ्या बापाच्या पोटातून आलो, तू माझी बहीण. ज्या जादूनं तो वाचला त्याच जादूनं लग्न मोडलं. वर दोघांचे एकमेकांना शाप. कसोटीला एकदम उतरतं, आणि नकाशा, शब्दसूची, उच्चारांची यादी काहीच लागत नाही.

दुसऱ्या भागात देवयानी विहिरीत पडते. ययाती हात धरून वर काढतो, आणि नंतर ती म्हणते, हात धरलास ना, मग आता लग्न कर. खाणावळ नाही, पलंग नाही, घोडा नाही. सरळ काम.