पल्ल्याच्या गणितात शून्य का? तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. हा कोर्स मी चालवतो आणि प्रक्षेप्याचा, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीचा, धडाही मीच शिकवतो, म्हणून उत्तर मीच देतो. तुमचं म्हणणं असं : सूत्र आम्हीच शिकवलं, तुमच्या मुलीने तेच वापरलं, तरी शून्य गुण, आणि उत्तरसूचीत एका ओळीपलीकडे काही नाही. शेवटच्या मुद्द्यावर तुमचं पूर्ण बरोबर आहे.

गणित होतं १५ मीटर उंचीवरून, सेकंदाला २० मीटर वेगाने, ३०° कोनात वर फेकलेल्या चेंडूचं. गुरुत्व त्वरण १० धरायचं, हवेचा रोध सोडून द्यायचा. वेगाचा वर्ग गुणिले साइन २ थीटा (थीटा म्हणजे फेकण्याचा कोन), भागिले गुरुत्व त्वरण, यातून तिला पल्ला, म्हणजे चेंडू आडव्या दिशेने जितक्या दूर पडतो ते अंतर, ३४.६ मीटर मिळाला. पण हे सूत्र चेंडू फेकला त्याच पातळीवर परत येतो तेव्हाचं. इथे तो त्या पातळीला २ सेकंदांनी येतो आणि आणखी १५ मीटर खाली जातो. उभ्या दिशेचा वेग १०; म्हणून १५ = ५ट² − १०ट (ट म्हणजे वेळ), त्यातून ट = ३ सेकंद. आडवा वेग १७.३२ शेवटपर्यंत तसाच राहतो, कारण आडव्या दिशेने बलच नाही. पल्ला ५२ मीटर.

‘४५° ला पल्ला सर्वांत जास्त’ हेही समपातळीपुरतंच खरं. याच गणितात ४५° ला ५१.६ मीटर येतात, म्हणजे ३०° पेक्षा कमी! सर्वाधिक पल्ला सुमारे ३७° ला, ५२.९ मीटर. मला हा भाग फार आवडतो, आणि तोच मी व्हिडिओत घाईने उरकला. सूत्राआधी त्याची अट सांगायला हवी होती. मुलं सूत्र लक्षात ठेवतात, अट नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

हवा सोडून दिल्यावर उपयोग काय, असंही तुम्ही विचारलंत. हवा धरली की आडवा वेगही सतत बदलतो आणि इतकं सोपं सूत्र उरत नाही. आधी हे पक्कं झालं की पुढचं समजतं.

उत्तर ५२ मीटरच राहील. पण वेगाचे आडवा आणि उभा हे दोन्ही घटक तिने बरोबर काढले होते, त्याचे गुण कापणं चूक होतं. ते आज जोडले आहेत. पूर्ण पायऱ्यांची उत्तरसूचीही टाकली आहे, आणि व्हिडिओचा तो भाग मी पुन्हा रेकॉर्ड करतो आहे.