शीतकडी सोडू नका, वाढून घेताना मोजा

परवा फोंड्याच्या बाजारात एक जुनी मैत्रीण भेटली, तीन वर्षांनी, आणि माझं उतरलेलं वजन बघून पहिलाच प्रश्न, "अगो कसली पावडर घेतेस?" पावडर नाही म्हटलं तर तिला पटेना, आणि जाता जाता म्हणाली की ती पण सोमवारपासून भात पूर्ण बंद करतेय. घरी आले तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलेय, थोडं लांबेल.

भात बंद करू नका हो, आपली शीतकडी, म्हणजे भात आणि कालवण, सोडू नका. मी हे सगळं करून झालेय. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकीने गळ्यात मारलेला शेक घ्यायचे, सकाळी शेक, रात्री शेक, दुपारी नुसती काकडी-टोमॅटो, आणि घरात बांगड्याच्या हुमणाचा, म्हणजे नारळातल्या कालवणाचा, वास सुटला की मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसायचे. दोन महिन्यात सात किलो उतरले, सगळे वाहवा करत होते, पण केस मूठमूठ गळत होते आणि जिना चढताना पाय थरथरायचे. शेक बंद केला आणि सहा महिन्यात नऊ किलो परत आले. उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायू पण जातात, आणि परत भरते ती जास्त करून चरबी, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

मग गेल्या जूनमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली, एचबीएवनसी 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि आपल्या गोव्यात ही साधी गोष्ट नाही, आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, 2023 मध्ये आलेला देशभरातला अभ्यास बघा, मधुमेहात गोवा सगळ्या राज्यांत पहिला, 26.4 टक्के, देशाची सरासरी 11.4. म्हणजे मोठ्या माणसांत चारात एक. प्रत्येक घरात कोणीतरी गोळ्या घेणारं आहे तरी आपण 'वय झालं की होतंच' म्हणून सोडून देतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

डॉक्टरांनी मला वीस किलोचं टार्गेट दिलंच नाही. म्हणाले पाच-सात टक्के उतरव. अमेरिकेत याच्यावर मोठा अभ्यास झालाय, 2002 मध्ये छापून आला, उंबरठ्यावरच्या लोकांना 7 टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम एवढंच टार्गेट होतं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. मी 74 किलोची, म्हणजे पाच-सव्वापाच किलो. ऐकूनच जीव हलका झाला.

पोराची जुनी दोनशे पानी वही घेतली, फ्रीजवर ठेवली, वर सुतळीने पेन बांधलं. पहिला आठवडा काहीच बदललं नाही, नुसतं लिहिलं, खाल्लं की लगेच, रात्री आठवून नाही. रविवारी वाचायला घेतलं तर जेवणात फार काही सापडलंच नाही. सापडलं ते सकाळी अकराला ऑफिसखालच्या टपरीवर भाजीपावाबरोबर येणारी मिरचीभजी, दिवसाला पाच चहा दोन-दोन चमचे साखरेचे, आणि रात्री आवराआवर करताना 'टाकायचं कशाला' म्हणून तोंडात टाकलेलं उरलेलं शीत. तेलाचा हिशोब केला तर चार माणसांना महिन्याला पाच लिटर, म्हणजे माणशी रोज जवळजवळ तीन मोठे चमचे! नारळ वेगळाच.

आता ताटात उकड्या तांदळाचं शीत दीड वाटी, वाटी ठरलेली, काठ दुमडलेली स्टीलची. आधी तांबडी भाजी (लाल माठ) नाहीतर भेंडी-वाल जे असेल ते अर्धं ताट, मासळीचे दोन तुकडे हुमणातले, रवा लावून तळलेली फक्त रविवारी. शाकाहाराच्या दिवशी मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाचं नारळातलं कालवण. पहिल्यांदा सासूबाई घाबरल्या, मला बरं नाही की काय वाटलं त्यांना, "इतलेंच शीत? बरें दिसना गो तुका?" आता त्याच वाटी पुढे करतात.

वजन आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर. रोज बघायचे तेव्हा वेडी व्हायचे, आदल्या रात्री खारं खाल्लं की सकाळी किलोभर जास्त, ते अंगात धरलेलं पाणी असतं, चरबी एका रात्रीत चढत नाही. कंबर महिन्यातून एकदा टेपने, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. आपल्याकडे बायकांना 80 सेंटीमीटर आणि पुरुषांना 90 च्या आत हवी. पुरुषांनो, पॅन्टचा नंबर धरू नका, तुम्ही ती पोटाखाली घालता.

चालायला फोंड्याजवळच्या फर्मागुडीला जाते, पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. पावसात छत्री उलटी व्हायला लागली तेव्हा घरातलाच जिना चढले-उतरले. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस आणि पाण्याच्या बाटल्या उचलणं, स्नायूंसाठी, हे बायका करतच नाहीत आणि चाळिशीनंतर तेच जास्त लागतं.

चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या) खाल्ल्या, किती खाल्ल्या ते लिहिलं, त्या आठवड्यात सव्वा किलो वाढलं, तेही लिहिलं. तीन आठवड्यांनी उतरलं. अकरा महिन्यात 74 वरून 64.5, कंबर 97 ची 87, एचबीएवनसी 5.6. कंबर अजून उतरायचीय.

एक मात्र, साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर माझं वाचून जेवण एकदम कमी करू नका, साखर खाली जाऊन चक्कर येते, आधी डॉक्टरांना विचारा, गोळीचा डोस बदलावा लागतो.

त्या मैत्रिणीला फोन केला काल. सोमवारी भात बंद करायच्या ऐवजी फक्त सात दिवस लिहून काढ म्हटलं. मानकुराद आंबे चालू आहेत, ते काय करू म्हणाली. खा, जेवणानंतर नको, चारच्या चहाच्या जागी एक खा, आणि वहीत लिही, म्हटलं.