ससूनचा पणतू आणि तिसरा साचा

विषय निघाला बोंबलांवरून. मन्या पहाटे ससून डॉकला जाऊन आला होता. पिशवी पायाशी ठेवून कट्ट्यावर बसला आणि सुरू झाला, "काय माणसं होती रे! बगदादहून आली आणि डॉक, काळ्या घोड्याची लायब्ररी, पुण्याचं हॉस्पिटल, काय काय करून गेली."

"अफूच्या पैशातून," तात्या पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. तात्या जुने साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवणारे; डिलाईल रोडवर त्यांच्यापुढे गिरणीचा विषय जपूनच काढावा लागतो.

"सात रस्त्याचं जेकब सर्कलपण त्यांचंच ना?"

"नाही रे, तो जेकब लष्करातला."

मला बोलायचं होतं ते पणतूबद्दल, व्हिक्टरबद्दल. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आला, त्याचा हा पणतू. पहिल्या महायुद्धात विमान कोसळून पाय कायमचा अधू झालेला. १९२४ ला बाप गेला आणि 'सर'की आणि ई. डी. ससून कंपनीच्या गिरण्या याच्या पदरात पडल्या. पुढे पठ्ठ्याने पैसा उचलला आणि शांघायला नेला.

"नेणारच!" मन्या उसळला. "इथे सारखे संप. धंदेवाल्याने काय टाळ कुटायचे?"

तात्या उठले. कटिंगचे दोन ग्लास कठड्यावर ठेवून मधे उभे राहिले. "हा एक साचा, हा पाठीमागे दुसरा. गिरकी घेतली की दोन्ही नजरेत." मग मन्याच्या हातातला ग्लास काढून हातभर लांब ठेवला. "हा तिसरा. इथे धागा तुटला, तिथे धोट्यातली सुताची कांडी संपली. मी कुठे धावू? कापड बिघडलं की दंड माझ्या पगारातून. १९२८ च्या सुरुवातीला ससूनच्या गिरण्यांत भडका उडाला तो या असल्या कामवाढीवरून. मग एप्रिल ते ऑक्टोबर, दीड लाख माणूस बाहेर. माझा आजा राजापूरला जाऊन नाचणीवर राहिला."

"पण परत आला ना?"

"आला. जातो कुठे?"

खरं सांगायचं तर व्हिक्टरला नुसतं पळपुटा म्हणणं मला पटत नाही. शांघायला त्याने १९२९ ला कॅथे हॉटेल उघडलं, आणि १९४९ नंतर तिथलंही सगळं गेलं. मग घोडे. एप्समची डर्बी चारदा जिंकली, शेवटची १९६० ला. पुढच्याच वर्षी बहामात वारला, मूलबाळ नाही. तात्यांच्या आजाला निदान राजापूर होतं.

"आणि ऐका," मी म्हटलं, "१९२९ च्या कामगार कमिशनवर हा व्हिक्टर आणि कामगार पुढारी ना. म. जोशी, दोघंही मेंबर होते."

तात्यांनी चष्मा काढला. "आपल्या डिलाईल रोडला ज्यांचं नाव दिलंय, ते जोशी?"

"तेच."

"एका टेबलाला बसून काय बोलले असतील रे?" मन्या म्हणाला.

तात्या बराच वेळ त्या तिसऱ्या ग्लासाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते राहू दे. बोंबील घरी ने आधी, वास सुटलाय."